पंचवीस डायसेंट्रिक म्हणजे नेमके किती ग्रे?

किरणांचा मारा बसल्याचा संशय असलेल्या माणसाच्या रक्तातल्या ५०० पेशी पाहिल्या, २५ डायसेंट्रिक, म्हणजे किरणांनी बिघडलेली जोड-गुणसूत्रं, सापडली. पुढचा प्रश्न ठरलेला: डोस किती? कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर अर्ध्या मिनिटात ०.६९ ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात मुरलेल्या किरणांच्या ऊर्जेचं एकक) हे उत्तर येतं. ते बरोबर असू शकतं. पण त्याच २५ चा अर्थ १.२ ग्रेही होऊ शकतो. किंवा अर्ध्या शरीराला सरासरीच्या दुपटीहून जास्त डोस बसला आणि उरलेलं कोरडंच राहिलं, असाही होऊ शकतो. मारा किती वेळ चालला, रक्त किती दिवसांनी घेतलं आणि ही डायसेंट्रिक पेशींमध्ये कशी विखुरली आहेत, हे कळल्याशिवाय २५ हा आकडा मुका आहे. बायोडोसिमेट्रीची, म्हणजे शरीरातल्या खुणांवरून डोस काढण्याच्या पद्धतीची, वर्णनं बहुतेक मोजणीपाशी संपतात. इथे मोजणीही आहे, पण भर तिच्या पुढच्या भागावर आहे.

आधी डायसेंट्रिक म्हणजे काय ते. गॅमा किरणांचा १ ग्रे डोस बसला की एका पेशीच्या डीएनएत सुमारे ४० ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. पेशी यातले जवळजवळ सगळे तुकडे नीट जोडते. काही मात्र चुकीचे जोडले जातात. दोन वेगळी गुणसूत्रं तुटली आणि गुणसूत्रबिंदू (गुणसूत्राची कंबर, जिथून ते विभाजनात ओढलं जातं) असलेले त्यांचे तुकडे एकमेकांना चिकटले, की दोन बिंदू असलेलं एक लांबडं गुणसूत्र तयार होतं. तेच डायसेंट्रिक. मागे राहिलेले बिनबिंदूचे तुकडेही आपसात जुळतात आणि एक अनाथ तुकडा उरतो. ही जोडी पुढे मोजताना फार कामी येते.

ही खूण लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींमध्येच शोधतात, कारण रक्तात फिरणाऱ्या या पेशी विभाजन न करता विसावलेल्या असतात आणि झालेलं नुकसान जपून ठेवतात. शिवाय त्या सगळ्या शरीरभर फिरतात. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी कोणत्याही क्षणी रक्तात असतात त्या जेमतेम २ टक्के. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा वगैरे ठिकाणी असतात आणि येऊन-जाऊन असतात. १९६० मध्ये पीटर नॉवेल यांनी घेवड्याच्या जातीच्या बियांतल्या फायटोहिमॅग्लुटिनिनमुळे, म्हणजे पीएचएमुळे, या झोपलेल्या पेशी नळीत विभाजनाला लागतात हे दाखवलं. दोनच वर्षांनी बेंडर आणि गूच यांनी त्यावरून डोस काढायची कल्पना मांडली. ती आजही टिकून आहे, कारण मारा न बसलेल्या माणसात डायसेंट्रिक फार विरळा, साधारण हजार पेशींत एक. पाटी इतकी कोरी असली की त्यावरचा लहानसा ओरखडाही दिसतो.

रक्त

१० मिलिलिटर, लिथियम हेपरिनच्या नळीत. ईडीटीएची नळी चालत नाही. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतो आणि पीएचएला पेशी जागं करायला कॅल्शियम लागतं. कल्चर, म्हणजे नळीत पेशी वाढवणं, उभंच राहत नाही. हिमोग्रामसाठी ईडीटीएची नळी आधीच भरलेली असते म्हणून तीच पाठवून देण्याची चूक इतकी नेहमीची आहे की मागणीपत्रावर ही सूचना मोठ्या अक्षरांत छापावी.

नमुना १८ ते २४ अंशांत ठेवायचा. गोठवायचा नाही, बर्फाला टेकवायचाही नाही. २४ तासांत पोहोचला तर उत्तम. ४८ तासांनंतर पेशी कमी जागतात. विमानाने जाणार असेल तर पार्सलवर एक्स-रे करू नये असं लिहायचं आणि तरीही आत एक टीएलडी बॅज, म्हणजे डोस मोजणारा बिल्ला, ठेवायचा. वाटेत नमुन्यालाच डोस बसला तर तो बॅज सांगेल. माणसाच्या रक्तातला डोस आणि पार्सलने वाटेत खाल्लेला डोस सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत.

शरीराच्या काही भागालाच मारा बसल्याचा संशय असेल तर रक्त लगेच घेऊ नये. निदान २४ तास थांबावं, म्हणजे मारा बसलेल्या आणि न बसलेल्या लिम्फोसाइट आपसात मिसळतात. पण फार थांबूनही चालत नाही. डोस मोठा असेल तर लिम्फोसाइट झपाट्याने मरतात आणि मग कल्चरला पुरेशा पेशीच उरत नाहीत.

नळीसोबत एक कागद हवाच: वय, धूम्रपान, पूर्वी रेडिओथेरपी किंवा कर्करोगाची औषधं, अलीकडचे सीटी स्कॅन, न्यूक्लियर मेडिसिनच्या तपासण्या, माऱ्याची तारीख, वेळ, कालावधी आणि घटनेच्या वेळी माणूस स्रोताच्या कुठल्या बाजूला होता. हा कागद नसेल तर काढलेला डोस निम्माच खरा.

कल्चर ते स्लाइड

अर्धा मिलिलिटर रक्त, साडेचार मिलिलिटर आरपीएमआय १६४० माध्यम, त्यात १० ते १५ टक्के फीटल बोव्हाइन सीरम, ग्लुटामिन, अँटिबायोटिक आणि पीएचए. ३७ अंशांवर ४८ तास. एकाच माणसाची दोन-तीन कल्चर लावावीत, कारण एक बिघडलं तर पुन्हा रक्त मागायची वेळ येऊ नये.

४८ तासच का? या वेळेत बहुतेक पेशी पहिल्याच विभाजनाला पोहोचतात. दुसऱ्या विभाजनातली पेशी मोजली तर डोस कमी निघतो, कारण पेशी दुभंगताना डायसेंट्रिकचे दोन बिंदू दोन दिशांना ओढले जाऊ शकतात आणि पूल तयार होतो. दर विभाजनात साधारण निम्मी डायसेंट्रिक अशी गळतात. म्हणून सुरुवातीलाच बीआरडीयू (नव्या डीएनएत शिरणारं रसायन) घालतात आणि बाटली फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवतात. पुढे हेक्स्ट रंग, अतिनील प्रकाश आणि गिम्सा अशा क्रमाने रंगवलं की दुसऱ्या विभाजनातल्या गुणसूत्राचा एक पदर गडद आणि दुसरा फिका दिसतो, विदूषकाच्या दुरंगी झग्यासारखा. अशी पेशी दिसली की सोडून द्यायची. हा सोपस्कार वेळखाऊ आहे आणि घाईत तो टाळण्याचा मोह होतो. कुणाच्या पेशी किती वेगाने वाढतात हे आधी कळत नाही, त्यामुळे निदान एका स्लाइडवर तरी तो करून दुसऱ्या विभाजनाचं प्रमाण पाहावं. ते ५ टक्क्यांच्या वर असेल तर साध्या गिम्साच्या स्लाइड मोजू नयेत.

शेवटचे दोन-तीन तास कोल्सेमिड, अंतिम प्रमाण मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपास. हे पेशीला मेटाफेजमध्ये, म्हणजे मध्यावस्थेत, अडकवून ठेवतं. जास्त वेळ राहिलं की गुणसूत्रं आखडून बुटकी होतात आणि बिंदूपाशी असलेली कंबर दिसेनाशी होते. सगळी मोजणी त्या कमरेवरच उभी असल्याने हा बिघाड क्षम्य नाही.

मग सेंट्रिफ्यूज, वरचं द्रव काढून टाकणं आणि ३७ अंशांवर गरम केलेलं ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड. १० ते २० मिनिटं. पाणी आत शिरून पेशी फुगतात, तांबड्या पेशी फुटतात. वेळ कमी पडला तर पेशीरस तसाच राहतो आणि गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसतात. वेळ जास्त झाला तर पेशी आधीच फुटते, गुणसूत्रं शेजारच्या पेशीत जाऊन पडतात आणि ४६ चा हिशेब लागत नाही.

फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी आहे तशा टिकवणारं द्रव: मिथेनॉल तीन भाग, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड एक भाग, त्याच दिवशी बनवलेलं. पहिला मिलिलिटर थेंबाथेंबाने, नळी हलवत हलवत घालायचा. एकदम ओतला की पेशींचा गोळा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. गाळ पांढरा होईपर्यंत तीन-चार वेळा धुवायचं.

स्लाइडवर थेंब टाकणं हा या कामातला सगळ्यात लहरी भाग. थेंबाची उंची, काचेची स्वच्छता यांवर लोक बरंच बोलतात. माझ्या मते खरा गुण हवेतल्या ओलाव्याचा. हवा कोरडी असेल तर फिक्सेटिव्ह झटकन उडतं आणि गुणसूत्रं मुठीत धरल्यासारखी घट्ट राहतात. फार दमट असेल तर ती इतकी पसरतात की पेशीची हद्दच पुसली जाते. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असताना काम जमतं. कोरड्या दिवशी स्लाइड ओल्या टिश्यूपेपरवर ठेवूनही भागतं. पहिली स्लाइड न रंगवता फेज काँट्रास्टखाली पाहावी आणि मगच उरलेला गाळ वापरावा. सगळा गाळ एकदम टाकून मोकळं झालं की दुरुस्तीला जागा उरत नाही.

मोजणी

आता एक पेशी जवळून पाहू. १०० च्या ऑइल लेन्सखाली पसरलेली गुणसूत्रं. आधी तुकडे मोजायचे. ४६ आले. मग पाहायचं, त्यात एक लांब गुणसूत्र आहे, त्याला दोन ठिकाणी कंबर आहे, आणि दोन्ही ठिकाणी दोन्ही पदर आत ओढले गेले आहेत. आता शोधायचा त्याचा अनाथ तुकडा: दोन समांतर काड्या, कंबर कुठेच नाही. तो सापडला. म्हणजे ४४ साधी गुणसूत्रं, १ डायसेंट्रिक, १ तुकडा, मिळून ४६ नग. बिंदू मोजले तर ४४ आणि २, मिळून ४६. दोन्ही हिशेब जुळले म्हणजे नोंद पक्की. तुकडा सापडला नाही तर ते डायसेंट्रिक बहुधा खोटं आहे: दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून पडलेली असतील, किंवा एका गुणसूत्राचे पदर मध्येच पीळ खाऊन दुसऱ्या कमरेचा भास देत असतील. पीळ ओळखायची युक्ती अशी की खऱ्या बिंदूपाशी पदर आत येतात आणि परत तसेच बाहेर जातात, पिळापाशी ते एकमेकांना ओलांडतात. फोकस बारीक वर-खाली केला की ओलांडणी दिसते.

तीन बिंदूंचं गुणसूत्र आणि सोबत दोन तुकडे असतील तर ते दोन डायसेंट्रिक धरायचे. बिंदूसह वलय झालेलं असेल तर त्याची नोंद वेगळी. ज्या पेशीत ४६ बिंदू पुरे होत नाहीत ती मोजणीत धरायचीच नाही, भले तिच्यात झकास डायसेंट्रिक दिसत असो. नेमका हाच नियम मोडला जातो. छान डायसेंट्रिक असलेली अपुरी पेशी घ्यावीशी वाटते आणि बिनडायसेंट्रिकची अपुरी पेशी मात्र नियमावर बोट ठेवून सोडली जाते. असं दहा वेळा झालं की डोस फुगला. त्यामुळे मोजणाऱ्याला नमुना कुणाचा आणि घटना काय, हे सांगू नये. स्लाइडवर फक्त क्रमांक हवा.

क्वचित एखादी पेशी अशी सापडते की तिच्यात डायसेंट्रिक, तीन बिंदूंची गुणसूत्रं आणि तुकडे यांचा नुसता चुरा असतो आणि बाकीच्या शेकडो पेशी स्वच्छ असतात. मारा न बसलेल्या माणसांतही अशा भरकटलेल्या पेशी आढळल्या आहेत. ती नोंदवावी पण वेगळी दाखवावी. बेरजेत मिसळली तर ती एकटीच निकाल फिरवते.

किती पेशी मोजायच्या? रीतसर अहवालासाठी ५०० पेशी किंवा १०० डायसेंट्रिक, जे आधी होईल ते. मोठ्या अपघातात शेकडो नमुने एकदम येतात तेव्हा पहिल्या चाळणीला ५० पेशी किंवा ३० डायसेंट्रिक पुरतात. मग ज्यांचा निकाल संदिग्ध आहे त्यांच्या स्लाइड पुन्हा काढतात. आयएसओ १९२३८ हे मानक प्रयोगशाळेच्या या सगळ्या कामासाठी आहे आणि चाळणीसाठी आयएसओ २१२४३ वेगळं आहे. संगणकी स्कॅनर मेटाफेज शोधायला फार उपयोगी आहे. डायसेंट्रिकही तोच शोधणार असेल तर तो बरीच सोडतो, म्हणून त्याचा वक्र, म्हणजे डायसेंट्रिकवरून डोस सांगणारा आलेख, वेगळा बनवावा लागतो. हाताने केलेल्या मोजणीचा वक्र त्याला लावला की डोस कमी येतो.

वक्र आणि गणित

प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःचा वक्र लागतो. निरोगी माणसांचं रक्त ३७ अंशांवर ठेवून, मोजून-मापून गॅमा किंवा एक्स किरणांचा डोस देतात, दुरुस्तीसाठी दोन तास तिथेच ठेवतात आणि मग कल्चर लावतात. शून्यापासून ५ ग्रेपर्यंत सात-आठ तरी पायऱ्या हव्यात, त्यातल्या निम्म्या १ ग्रेच्या खाली. खालच्या पायऱ्यांना हजारो पेशी मोजाव्या लागतात, आणि तिथे आळस केला तर वक्राचं मूळच डळमळतं.

उदाहरणासाठी गोल आकडे घेऊ: पेशीमागे डायसेंट्रिक = ०.००१ + (०.०३ × डोस) + (०.०६ × डोसचा वर्ग). पहिला आकडा मुळातल्या डायसेंट्रिकचा. दुसऱ्या पदाला अल्फा म्हणतात: एकाच किरणाच्या वाटेने दोन्ही तुटी केल्या. तिसरं पद बीटा: दोन वेगळ्या किरणांनी एकेक तूट केली आणि त्या एकमेकींना वेळेत भेटल्या. पुढचं बरंचसं नाट्य या "वेळेत" शब्दात आहे.

५०० पेशींत २५ म्हणजे पेशीमागे ०.०५. वर्गसमीकरण सोडवलं की ०.६९ ग्रे. पण २५ हा पॉइसॉन मोजणीचा, म्हणजे योगायोगाने थोडा कमी-जास्त येणारा, आकडा आहे. त्याची ९५ टक्के हद्द १६.२ ते ३६.९ अशी येते. त्या दोन टोकांना तेच समीकरण लावलं तर ०.५२ आणि ०.८८ ग्रे. ही हद्द न लिहिलेला डोस अर्धवट समजावा. ५० पेशींच्या चाळणीत ५ डायसेंट्रिक आली तर डोस १.०६ ग्रे, पण हद्द ०.५ ते १.७. कुणाला लगेच दाखल करायचं हे ठरवायला एवढं पुरतं, कागदोपत्री नोंदीला पुरत नाही.

हाच वक्र न्यूट्रॉनला लावू नये. न्यूट्रॉनच्या वाटेत तुटी इतक्या दाट असतात की जवळजवळ सगळं काम अल्फाच करतं, वक्र सरळ रेषा होतो आणि त्याच डोसला डायसेंट्रिक कितीतरी जास्त येतात.

मारा किती वेळ चालला

दोन तुटी जुळायच्या तर दोन्ही एकाच वेळी उघड्या असाव्या लागतात. तुटींचं सरासरी आयुष्य सुमारे दोन तास धरतात. मारा मिनिटा-दोन मिनिटांत उरकला असेल तर वरचं समीकरण जसंच्या तसं. तोच डोस २४ तासांत सावकाश बसला असेल तर पहिल्या तासातल्या तुटी दहाव्या तासापर्यंत बुजलेल्या असतात. त्यामुळे बीटाचं पद एका गुणकाने लहान करावं लागतं. माऱ्याचा काळ भागिले दोन तास, इथे १२. गुणक = २ भागिले १२ चा वर्ग, गुणिले (१२ − १ + ई चा उणे १२ वा घात; ई म्हणजे २.७१८ ही संख्या). शेवटचा भाग नगण्य, म्हणून २२ भागिले १४४, म्हणजे ०.१५. बीटा ०.०६ वरून ०.००९२ वर आला. आता तीच २५ डायसेंट्रिक पुन्हा सोडवली की डोस येतो १.२ ग्रे. सुरुवातीला म्हटलेला १.२ तो हा. मारा कित्येक आठवडे चालला असेल तर बीटा पूर्ण सोडून फक्त अल्फा वापरतात.

नुसता कालावधी चुकीचा कळला तर डोस जवळजवळ दुप्पट बदलतो. मोजणीतली कुठलीही नेहमीची चूक एवढी मोठी नसते.

अर्धंच शरीर

आता दुसरा माणूस. २०० पेशी, ४० डायसेंट्रिक. सरासरी ०.२, वक्रावरून १.६ ग्रे. पण पेशीवार वाटणी अशी आहे: १७५ पेशींत एकही नाही, १४ मध्ये एक, ८ मध्ये दोन, २ मध्ये तीन, १ मध्ये चार. सगळ्या शरीराला सारखा डोस बसला असता तर पॉइसॉनप्रमाणे १६४ पेशी रिकाम्या, ३३ मध्ये एक आणि तीन-चार पेशींत दोन अशी वाटणी दिसली असती. इथे रिकाम्याही जास्त आहेत आणि गच्च भरलेल्याही.

हे नजरेला दिसतं, तरी तपासायचं गणितानेच. विचरण (आकडे किती विखुरले याचं माप) भागिले सरासरी १.८१ येतं, पॉइसॉन असतं तर १ च्या आसपास आलं असतं. त्यावरून काढलेली यू कसोटी ८.२, आणि मर्यादा १.९६. म्हणजे इथे दोन जमाती मिसळल्या आहेत, एकीला मारा बसला आहे, दुसरीला नाही.

डॉल्फिन या संशोधकांची रीत इथे कामी येते. ज्या २५ पेशींत निदान एक डायसेंट्रिक आहे त्यांत मिळून ४० आहेत, भागाकार १.६. मारा बसलेल्या पेशींची खरी सरासरी अशी हवी की तिला (१ − ई चा उणे सरासरी घात) ने भागलं की १.६ यावेत. उलटसुलट करून ती १.०३ येते. वक्रावर याचा डोस ३.९ ग्रे. मोजलेल्या पेशींत मारा बसलेल्या होत्या ४० भागिले (२०० × १.०३), म्हणजे १९ टक्के. मात्र मारा बसलेल्या बऱ्याच पेशी मेटाफेजपर्यंत पोहोचल्याच नाहीत. ३.९ ग्रेला जगून इथवर येणाऱ्या सुमारे २४ टक्के धरल्या, तर सुरुवातीला मारा बसलेला भाग निघतो ५० टक्के.

१.६ ग्रे संपूर्ण शरीराला, की ३.९ ग्रे अर्ध्या शरीराला? उपचार करणाऱ्यासाठी ही दोन वेगळी माणसं आहेत. दुसऱ्याची अर्धी अस्थिमज्जा शाबूत असल्याने रक्त पुन्हा तयार होण्याची आशा बरीच असते, पण मारा बसलेल्या बाजूच्या त्वचेकडे आणि आतड्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. म्हणून नोंदवहीत नुसती बेरीज लिहू नये. कोणत्या पेशीत किती, ही वाटणी लिहिली नाही तर हे गणित नंतर कुणालाच करता येत नाही.

उशीर झाला तर

डायसेंट्रिक असलेल्या पेशी हळूहळू रक्तातून जातात. साधारण तीन वर्षांत निम्म्या, असं धरायची पद्धत आहे. वर्षानंतर रक्त घेतलं तर मिळालेल्या सरासरीला सुमारे १.२६ ने गुणायचं. हे लहान डोसला ठीक आहे. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात सीझियम-१३७ च्या टाकून दिलेल्या स्रोतामुळे मारा बसलेल्या लोकांचं रक्त नंतरही पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. जास्त डोस बसलेल्यांत डायसेंट्रिक या हिशेबापेक्षा खूप लवकर कमी झाली, कारण त्यांच्या पेशी मेल्या आणि नव्या भरून आल्या.

बरीच वर्षं लोटली असतील तर डायसेंट्रिकच्या मागे लागू नये. फिश तंत्राने दोन-तीन मोठ्या गुणसूत्रांच्या जोड्या रंगवून ट्रान्सलोकेशन मोजावी. दोन गुणसूत्रांनी टोकांची अदलाबदल केलेली असते, बिंदू प्रत्येकी एकच असतो, त्यामुळे विभाजनात अडचण येत नाही आणि खूण दशकानुदशकं टिकते. अडचण दुसरीकडून येते: ती वयाबरोबर आपोआप साठतात, धूम्रपानाने वाढतात, म्हणून वयानुसार मुळातला आकडा वजा करावाच लागतो.

पाच ग्रेच्या वर डायसेंट्रिकची पद्धत थकते. लिम्फोसाइट उरत नाहीत, उरल्या तर विभाजनाआधी अडखळतात. तिथे गुणसूत्रं मुदतीआधीच आखडायला लावायची पीसीसी पद्धत वापरतात: ओकॅडेइक ॲसिड किंवा कॅलिक्युलिन घालून वलयं मोजायची. ३० सप्टेंबर १९९९ च्या जपानमधल्या तोकाईमुरा अपघातात तिचा उपयोग झाला. उंदराच्या जातीच्या हॅमस्टरच्या विभाजनातल्या पेशींशी जोडण्याची जुनी पीसीसी तर कल्चरशिवाय काही तासांत उत्तर देते. ती हात बसल्याशिवाय जमत नाही, एवढीच तिची खोट.

मायक्रोन्यूक्लियसची पद्धत शिकायला सोपी आहे. ४४ व्या तासाला पेशी दुभंगणं रोखणारं सायटोकेलॅसिन-बी, ७२ व्या तासाला काढणी, आणि दोन केंद्रकं असलेल्या हजार पेशींत लहान केंद्रकं मोजायची. मुळातला आकडा माणसागणिक फार बदलतो आणि वयस्क स्त्रियांत जास्त असतो, म्हणून ०.२ ते ०.३ ग्रेच्या खाली तिच्यावर विसंबू नये. डीएनएच्या तुटींपाशी दिसणारे गॅमा-एच२एएक्स प्रथिनाचे ठिपके तासाभरात उठतात आणि दिवसभरात बहुतेक मावळतात. माणूस दारातच उभा असेल तर उपयोग, नाहीतर नाही.

शून्य कसं लिहायचं

सगळ्यात जास्त येणारा निकाल शून्याचा असतो. ५०० पेशींत एकही डायसेंट्रिक नाही. यावर "मारा बसलेला नाही" असं लिहिणं चूक. शून्याची वरची ९५ टक्के हद्द ३.७ डायसेंट्रिक, म्हणजे आपल्या वक्रावर ०.१६ ग्रे. तेव्हा "०.१६ ग्रेपेक्षा कमी, झटपट मारा गृहीत धरून" असं लिहायचं.

हा शून्य बॅजच्या भांडणात कामाला येतो. बॅजने तीन महिन्यांचा डोस ३०० मिलिसिव्हर्ट (गॅमासाठी ०.३ ग्रे) दाखवला, माणूस म्हणतो मी स्रोताजवळ गेलोच नाही. तो डोस गॅमाचा आणि एकदम बसला असता तर ५०० पेशींत ७.७ डायसेंट्रिक अपेक्षित होती. एकही न दिसण्याची शक्यता दोन हजारांत एकाहून कमी. बॅज खोलीतल्या ॲप्रनला अडकून राहिला होता, असं म्हणायला हे पुष्कळ वाटतं. पण डोस तीन महिन्यांत थोडा थोडा बसला असेल तर बीटा गळतो, अपेक्षा ५ वर येते आणि शून्य दिसण्याची शक्यता हजारात सात होते. पुरावा पंधरा पटींनी पातळ. अशा वेळी वाद घालत न बसता दुसरी स्लाइड काढावी आणि आणखी ५०० पेशी मोजाव्यात. हजारांतही शून्यच आलं तर सावकाश माऱ्याच्या हिशेबानेही ती शक्यता लाखात पाचावर येते, आणि मग चौकशी ॲप्रनची.